मागच्या हेल्मेटमधली

हे सगळं खरं आहे.

नसेल पटत तर दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाचा, मी काही रडणार नाही. पण उद्या तुमच्या बाबांच्या बाइकवर मागे बसलात आणि कानात कुणी बोललं, तर मला मेसेज करू नका.

आणि हो, यात अमावस्या नाही. स्मशान नाही. रात्रसुद्धा नाही. रविवारची सकाळ होती आणि तुमकूर रोडवर लख्ख ऊन पडलं होतं. भुतं रात्रीच येतात हे ज्याने कुणी ठरवलं, तो बंगळूरला कधी आलेला नसणार.

मी संहिता. दहावी नुकतीच संपवलेली. आम्ही मूळचे नागपूरचे, बाबाच्या नोकरीमुळे मल्लेश्वरमला राहतो. घरात आई, बाबा आणि मी. यंदा शाळेच्या गॅदरिंगचं सगळं सूत्रसंचालन मी केलं, इंग्लिश आणि कन्नड दोन्हीत, आणि तेव्हापासून माझं तोंड कुणाला बंद करता आलेलं नाही. असं आई म्हणते.

फक्त बाबासमोर ते आपोआप बंद व्हायचं.

कारण बाबाने माझ्यासाठी एक निवासी कॉलेज बघून ठेवलं होतं. शहराबाहेर. अकरावी-बारावी तिथेच राहायचं, पहाटेपासून फिजिक्स आणि मॅथ्स, मोबाइल नाही, घरी यायचं ते महिन्यातून एकदा. मला आर्ट्स घ्यायचं होतं, घरी राहून. आणि कॉलेजला हो की नाही, ते सोमवारी कळवायचं होतं.

म्हणजे माझ्या हातात रविवार होता.

त्या रविवारी बाबा मला पहिल्यांदाच त्याच्या नव्या गाडीवर लांब नेणार होता. नवी म्हणजे जुनीच, जयनगरच्या एका माणसाकडून घेतलेली. पण काय गाडी... टूरिंगची, सोफ्यासारखी मागची सीट, दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे हा एवढा स्क्रीन. आणि हेल्मेटमध्ये स्पीकर, माइक. चालवणारा आणि मागे बसलेला, दोघं चालत्या गाडीवर निवांत बोलू शकतात.

बाबाच्या तोंडावर बोलायची माझी हिंमत नव्हती. पाठीमागून होती.

तर शनिवारी संध्याकाळी मी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये सेटिंग करायला बसले. बाबा आठवडाभर त्या स्क्रीनशी झटापट करून थकला होता. या गाडीची एक खोड आहे. तिला आधी हेल्मेट जोडावं लागतं. ते सापडलं नाही, तर ती फोनवरची गाणी आणि मॅप दाखवतच नाही. बाबा उलटं करत होता, आधी फोन, मग हेल्मेट.

"बाबा, तू मॅन्युअल वाचलंस का?"

"मी ऑफिसात मॅन्युअलच लिहितो. ते कुणी वाचायचं नसतं."

मी बाबाच्या हेल्मेटचं बटण दाबून धरलं. लाल-निळा दिवा लुकलुकला. स्क्रीनवर आलं, चालक जोडला. झालं, इतकं सोपं.

मग मी मागच्या सीटचं पान उघडलं.

तिथे आधीच लिहिलेलं होतं...

सहप्रवासी जोडला.

माझं हेल्मेट माझ्या मांडीवर होतं. बंद.

मी ते काढून टाकलं. पान रिकामं झालं. बाबाला दाखवायला वळले, परत स्क्रीनकडे पाहिलं...

पुन्हा आलेलं होतं.

"जुन्या मालकाचं राहिलं असेल," बाबा म्हणाला.

"मग ते हेल्मेट जयनगरला असेल ना. इथे कसं सापडेल?"

मी बाबाचं हेल्मेट डोक्यात घातलं. आधी काहीच नाही. मग... श्वास. अगदी कानाशी. माणूस बोलायला लागायच्या आधी घेतो, तसा.

"बाबा, यात कुणीतरी आहे."

बाबाने हेल्मेट घालून पाहिलं. बराच वेळ ऐकत राहिला. मग काढलं आणि म्हणाला, "वारा आहे."

बेसमेंटमध्ये वारा कुठला?

"राहू दे ना ते," तो म्हणाला. "तुझं पण जोड. आहे की जागा."

मी जोडलं. स्क्रीनने काही कुरकुर केली नाही. गाणी झकास वाजली. आईचा आवाज वरून आला, की बापलेकीला खालीच ताटं पाठवू का. आम्ही हसलो आणि वर गेलो.

सकाळी निघालो. माझा फोन गाण्यांसाठी गाडीच्या पुढच्या कप्प्यात, वायरला जोडलेला. यशवंतपूर गेलं, नेलमंगला गेलं. मी तोंड उघडत होते आणि मिटत होते. शेवटी ठरवलं, क्यातसंद्राला तट्टे इडली खाऊ, मग बोलू. पोट भरलं की बाबा ऐकतो.

दाबसपेटच्या पुढे बाबा पेट्रोलला थांबला. मी उतरून टॉयलेटला गेले, हेल्मेट डोक्यातच ठेवून. बाहेरच्या नळावर हात धूत होते, तेव्हा कानात बाबाचा आवाज आला.

"बसलीस?"

थांब, मी म्हणणार होते.

"हो," कुणीतरी म्हणालं.

माझ्या आवाजात.

मी पळत पंपाकडे आले. गाडी हायवेला लागत होती. मागची सीट रिकामी होती. लांबूनसुद्धा स्वच्छ दिसत होतं, रिकामी.

"बाबा, थांब. मी इथे आहे. बाबा..."

गाडी दिसेनाशी झाली.

ही हेल्मेटं काही फार लांबून बोलत नाहीत. गाडी नजरेआड झाली की थोड्या वेळात आवाज तुटायला हवा.

तुटला नाही.

"गार वाटतंय का गं?" बाबा विचारत होता.

"नाही. मस्त वाटतंय." माझाच आवाज. फक्त... जरा मऊ. "बाबा, तुला एक सांगायचं होतं."

हे माझं वाक्य होतं. मी आरशासमोर पाठ केलेलं.

"बोल की."

"मी जाते त्या कॉलेजला. तू म्हणशील तिथे जाते."

मी ओरडले. ती मी नाही, ती मी नाही, बाबा ती मी नाही. पंपावरची माणसं वळून बघायला लागली.

मग ती म्हणाली, "बाबा, कुणी ओरडल्यासारखं वाटलं?"

"नाही. तुला?"

"मलाही नाही."

आणि ती हसली. मी जशी हसते तशीच, नाकातून.

पंपावर काम करणारी एक मुलगी माझ्याजवळ आली. शर्टावर रम्या असं नाव होतं. "एनायतु?" काय झालं, म्हणाली. मी म्हटलं, "अक्का, स्वल्प फोन कोडी." तिने लगेच फोन दिला. बाबाचा नंबर मला पाठ आहे. लावला.

रिंग माझ्या हेल्मेटमध्येच वाजली.

"अनोळखी नंबर आहे," बाबा म्हणाला.

"राहू दे ना बाबा. आत्ता कुठे आपण बोलतोय."

त्याने कट केला. मी पुन्हा लावला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा फोन बंद आला.

"अशी बोलत जा की घरी," बाबा म्हणत होता. "घरी माझ्यासमोर नुसती गप्प असतेस. काही सांगायला गेलं की फणकारा."

"घरी मी अशी नसते," ती म्हणाली.

इंजिनाचा आवाज तेवढा येत होता. मग त्याने विचारलं, अगदी हळू, "आता परत जायला हवं का?"

"आणखी थोडं पुढे."

"बरं. थोडंच हं."

मी रडत होते. रम्याने माझ्या डोक्यावरून हेल्मेट काढलं, स्वतःच्या कानाला लावलं, मग उलटं करून पाहिलं. "ऑफ इदे," ती म्हणाली.

बंद होतं. दिवा लागलेला नव्हता. बटण दाबलं तरी लागेना.

मी ते परत घातलं नाही. त्या दोघांनी पुढे काय काय बोलून घेतलं, ते मला माहीत नाही. रम्याने मला ऑफिसजवळच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. सावली सरकून माझ्या पायांवरून निघून गेली, तेव्हा कुठे बाबाची गाडी पलीकडच्या बाजूने परत येताना दिसली.

तो वळून पंपावर आला. उतरला नाही. कुठे होतीस, कशी राहिलीस, काही नाही. चेहरा मात्र असा खुलला होता... मी त्याला इतका खुश कधी पाहिलेला नाही.

मला बघून तो जरा मावळला.

"बस," तो म्हणाला.

इडली खाल्ली नाही. घरापर्यंत एक शब्द नाही.

घरी आल्यावर आईला म्हणाला, "तयार आहे बरं का ती. स्वतःहून म्हणाली."

"मी नाही म्हणाले," मी म्हटलं. "मी गाडीवर नव्हतेच. तू मला पंपावर सोडून गेलास."

आईने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "टॉयलेटला गेली होती, पाच मिनिटं पुढे गेलो असेन. घाबरली." आणि मग माझ्याकडे न बघता, "तूच म्हणालीस, संहिता. शब्द फिरवू नये."

सोमवारची वाटही पाहिली नाही. संध्याकाळीच त्याने हो कळवून टाकलं.

आई म्हणाली, ऊन लागलं असेल. आई म्हणाली, एवढा तमाशा कशासाठी, शिकायलाच पाठवतोय ना. गॅदरिंगला हजार लोकांसमोर बोलणारी मी, घरातल्या दोन माणसांना एक गोष्ट पटवू शकले नाही.

पण खरं भयंकर ते अजून पुढेच आहे.

नंतर एकदा आईच्या स्कूटरवर मागे बसून होस्टेलसाठी चादरी आणायला एट्थ क्रॉसच्या बाजारात चालले होते. एका दुकानात बघायला मी थोडी कलले, थोडीच.

"हलू नकोस गं," आई म्हणाली. "मागचं माणूस जरा हललं की हँडलला कळतं."

मी गारच पडले.

कळतं.

आईला एवढ्याशा स्कूटरवर कळतं. आणि बाबा... एवढी वर्षं गाडी चालवणारा बाबा... मी चढले नाही, गाडी हलली नाही, मागे वजन नाही... त्याला कळलं नसेल?

संध्याकाळी मी पार्किंगमध्ये गेले. बाबा हेल्मेटची काच पुसत होता.

"बाबा, एक विचारू? तू पंपावरून निघालास तेव्हा मी मागे नव्हते. हे तुला कळलं होतं?"

मला वाटलं तो चिडेल. मला खरंच वाटलं. मी मनात देवाला सांगत होते की चिडू दे.

"हो," बाबा म्हणाला.

"लगेच?"

"गाडी हलकी लागली."

"मग थांबला का नाहीस?"

त्याने काच उजेडात धरून पाहिली. एक डाग राहिला होता. तो पुसला.

"छान बोलत होती गं," तो म्हणाला.

एवढंच.

मी आईला हे सांगितलेलं नाही. कुणालाच नाही, तुम्हीच पहिले. उद्या मी होस्टेलला जातेय, मोबाइल आईकडे राहणार, म्हणून आज लिहून टाकतेय. बॅगा दाराशी आहेत.

हल्ली मी घरात हळू बोलते. सगळ्याला हो म्हणते. आईला वाटतं जायचं टेन्शन आलंय. तसं नाही. मी प्रयत्न करून बघत होते... तिच्यासारखं बोलायचा. ते जमलं, तर कदाचित बाबा मला पाठवणार नाही, असं वाटायचं.

आज सकाळी मी खाली गेले, तर बाबा गाडी काढत होता. हेल्मेट डोक्यात, पाठ माझ्याकडे.

"येतेस?" तो म्हणाला.

त्या रविवारनंतर पहिल्यांदा विचारलं त्याने. मी जिन्यातच थांबले. आवाज अगदी मऊ केला.

"हो, बाबा."

बाबा दचकून वळला. हेल्मेटची काच वर केली. मला पाहून जरा ओशाळल्यासारखा झाला.

"तुला नाही गं," तो म्हणाला.