लॉर्ड फेनरिजचे आठ महिने

लॉर्ड फेनरिजचा केसांचा टोप माकडाने चिंचेवर नेऊन ठेवला, इथवर गोष्ट आली होती. रितेशपुढे अकरा पर्यटक हसत उभे होते. तेवढ्यात बाराव्या छत्रीखालून आवाज आला, “कुठल्या साली?”

सुलतान बाजारात श्रावणाची भुरभुर चालली होती. रितेश दर रविवारी लोकांना जुनं हैदराबाद पायी हिंडवायचा. इमारती खऱ्या दाखवायचा, गोष्टी मात्र... असो. फेनरिज हे नाव त्याने एका रद्दीवाल्याकडे जुन्या चित्राखाली वाचलं होतं, बस्स. पण साल विचारल्यावर गप्प बसेल तर तो रितेश कसला?

“सतराशे एकाहत्तर!”

छत्री पुढे आली. तिच्याखाली भिजलेली बट आणि विस्फारलेले डोळे. मुलगी पुण्याची, योगिनी. इथल्या विद्यापीठात ती चार वर्षं याच फेनरिजवर प्रबंध लिहीत होती. आधी व्हिएन्नात इंग्लंडचा राजदूत, मग पार्लमेंटात. तीस वर्षांत भाषणं तीन, संधिवाताच्या तक्रारी तीनशे. या बाबाचा दिवस न् दिवस तिला पाठ होता. फक्त सतराशे एकाहत्तरचे आठ महिने कुठे सापडत नव्हते!

“तो इथं आला होता? पुरावा आहे?”

“हौ ना. कागद आहे. घरी.”

कागद कसला न् काय! पण त्या डोळ्यांना नाही म्हणायला त्याची जीभच वळेना.

पुढच्या रविवारी कागद पेटीत होता आणि किल्ली कुसुमआत्याबरोबर गुलबर्ग्याला. त्याच्या पुढच्या रविवारी किल्ली आली, तर पेटीवर मांजर व्यालेलं.

“मांजर उठलं का?” चौथ्या रविवारी नारायणगुड्याच्या इराणी हॉटेलात योगिनीने विचारलं.

“कसं उठवणार? पाच पिल्लं आहेत.”

“मागच्या रविवारी चार होती.”

“एक... मागून झालं.”

ती इतकी हसली की चहा बशीत सांडला. रितेश बघतच राहिला. चांगलाच अडकला होता बिचारा.

पाचव्या रविवारी ती जाडजूड बाड घेऊन आली. “उद्या प्रबंध जमा करायचाय. पाचवं प्रकरण तुमच्या कागदाच्या भरवशावर लिहिलंय. आणि हे पाहा...” पहिल्याच पानावर आभारात रितेशचं नाव होतं.

त्याच्या खिशात कागद होता. आदल्या दिवशीच कडक चहात भिजवून, वाळवून, इस्त्री करून झालेला. नुसता काढून द्यायचा. मग चार वर्षांची मेहनत त्या चहाच्या डागावर उभी राहणार. नाही दिला, तर ही छत्री परत दिसायची नाही.

“कागद नाही,” तो म्हणाला. “फेनरिज इथं आलाच नाही. सगळं माझ्या मनचं.”

योगिनीचा चेहरा उतरला. “पाच रविवार? का?”

“पहिल्याच रविवारी नाही म्हणालो असतो, तर दुसऱ्या रविवारी... आला असता का तुम्ही?”

त्याने खिशातला कागदही टेबलावर ठेवला, उगाच आता काही लपवायला नको म्हणून. तिने तो उचलला, उजेडात धरला, नाकाशी नेला.

“सतराशे एकाहत्तरच्या कागदाला... वेलची?”

“मसाला चहा होता. घरात तोच होता.”

तिने ओठ घट्ट मिटले. पण खांदे हलायला लागले, आणि मग हसू आवरेचना. डोळे पुसत तिने लाल पेन त्याच्या हातात दिलं. “बसा. एकोणीस पानं खोडायची आहेत. मी सांगते, तुम्ही खोडा.”

दुपार उलटेपर्यंत फेनरिज हैदराबादेतून पार हद्दपार झाला. पाचव्या प्रकरणात एकच ओळ उरली: ‘या आठ महिन्यांत तो कुठे होता, हे ठाऊक नाही.’

“झालं,” योगिनी बाड बांधत म्हणाली. “पुढच्या रविवारी मला इथं काही काम नाही.”

रितेशने मान खाली घातली. “हौ. बरोबर आहे...”

“म्हणजे,” छत्री उघडता उघडता ती म्हणाली, “नुसतीच येईन.”