अठ्ठाविसावी तपासणी

एक बटण दाबायचं आणि जेवायला घरी परतायचं, एवढंच काम होतं. म्हणून तर रविवार असूनही ताई ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे फर्निचरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दुकान बंद, जिना ओस, आणि खालून पॉलिशचा उग्र वास वर चढत होता. भर दुपारी आभाळ असं काळवंडलं होतं की तिला दिवा लावावा लागला.

या खोल्यांत एक सॉफ्टवेअर तयार व्हायचं. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध किती वाजता द्यायचं, हे वॉर्डातल्या नर्सना सांगणारं. ओपन सोर्स. म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, आतला कोड वाचावा, सुधारावा. पण वाचतो कोण? वाचायचे ते एकटे काका, ऑफिसातले सर्वात ज्येष्ठ. एका स्वल्पविरामासाठी ते अख्खी आवृत्ती अडवून धरत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'स्वल्पविराम' म्हणत. गेल्या हिवाळ्यात काका गेले. रडले सगळेच, पण सुटकेचा निःश्वासही सगळ्यांनीच टाकला.

त्यांच्या जागी ताईने एक तपासनीस लिहिला. माणूस नव्हे, प्रोग्रामच. आवृत्ती बाहेर पडण्याआधी तो सत्तावीस गोष्टी आपोआप तपासायचा. ना खोकला, ना टोमणे.

तिने बटण दाबलं. भराभर सत्तावीस हिरव्या खुणा उमटल्या. ताई पर्स घेऊन उठली, आणि पडद्यावर हळूच आणखी एक ओळ आली.

'२८. हे कोणी वाचलं आहे का? नाही.'

तिने सहकाऱ्याला फोन लावला. "अठ्ठाविसावी तपासणी तू घातलीस?"

"मी? अगं, मी पहिल्या सत्तावीससुद्धा कधी धड वाचल्या नाहीत!"

तिने तपासनिसाचा कोड वरपासून खालपर्यंत पालथा घातला. तिथे अशी ओळच नव्हती. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तोच प्रश्न. वैतागून तिने टाइप केलं, 'हो, वाचलं.'

'खोटं.'

खोलीत पॉलिशचा वास विरत गेला. त्याच्या जागी खोकल्याच्या गोळ्यांचा, पुदिन्याचा गार वास... तिने लिहिलं, 'काका.... तुम्ही ?'

'टिंबं चार आहेत, तीन हवीत. प्रश्नचिन्हाआधीची मोकळी जागा काढा.'

आता शंकेला जागाच उरली नव्हती.

पळून जावं तर उद्या सकाळी एक मोठं हॉस्पिटल हीच आवृत्ती बसवणार होतं. निमूटपणे ती खुर्चीत बसली आणि वाचू लागली. एक एक ओळ. मध्येच एखादी गाळली, की मागची रिकामी खुर्ची करकरायची. "वाचते... वाचते हो," ती दबक्या आवाजात म्हणायची आणि मुकाट्याने मागे जायची.

तिसऱ्या तासाला तिची नजर एका ओळीवर थिजली. रात्री बाराच्या औषधाला सॉफ्टवेअर दुपारचे बारा समजत होतं. तपासनीस सगळे तास तपासायचा, नेमके बारा सोडून. ते तीच विसरली होती. कुणाची तरी हृदयाची गोळी अर्धा दिवस उशिरा...

तिने चूक दुरुस्त केली, तासांच्या तपासणीत बाराही घातले आणि बटण दाबलं.

'२८. वाचलं.'

आवृत्ती बाहेर पडली. ताईने हात जोडले. "काका, उपकार झाले. आता विश्रांती घ्या. यापुढे आम्ही वाचू... शपथ."

वास गेला. ती दिवा मालवणार, एवढ्यात पडदा पुन्हा उजळला.

'२९. घर: शेगडी चालू, दूध करपलं.'

तिने घाईघाईने सासूबाईंना फोन लावला.

"अगंबाई, खरंच की! तुला तिथं बसून कसं कळलं?"

'३०. घर: मागचं दार उघडं.'

"आई, मागचं दारही लावून घ्या."

"अगं, मघाशीच लावलं होतं मी... बरं, थांब, लावते."

'३१. घर: माणसं. असायला हवं एक. आहेत दोन.'

ताईला एकदम हसू फुटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या काकांची शेवटी एक चूक सापडली होती! घरी सासूबाई आणि नवरा, दोघं तर होती.

"आई, घरी तुम्ही दोघंच ना?"

"हो. मी आणि तो. दुपारपासून आतल्या खोलीत घोरतोय बघ. ऐक."

'काका, दोन बरोबर आहे,' असं ती ऐटीत टाइप करू लागली, तोच जिन्यात पावलं वाजली. दारात तिचा नवरा उभा होता, ओली छत्री झटकत.

"फोन का लागत नाही तुझा? तुझ्यामागोमाग मीही बाहेर पडलो होतो, म्हटलं जाताना तुला घेऊनच घरी जावं."

ताईच्या कानाशी घोरणं संथपणे चालूच होतं.