ऐकण्याची पाळी

दोन हजार अठरा साल. जानेवारीचा शेवटचा आठवडा. त्या हिवाळ्यात धुकं असं पडायचं की गॅरेजच्या दारातून समोरचा दिव्याचा खांब दिसत नसे. अशाच एका दुपारी वहिनी गाडी घेऊन आल्या.

वहिनी म्हणजे माझ्या भागीदाराची बायको. तो जाऊन वर्ष होत आलं होतं. आम्ही दोघांनी उभं आयुष्य एका पत्र्याखाली काढलं. उतारवयात त्याचा डावा पाय अधू झाला, क्लच दाबेना, तेव्हा त्याने ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. लांबलचक, मागच्या चाकांवर चालणारी. तो गेल्यावर वहिनी तीच चालवत.

“भाऊजी, गाडी कण्हते,” त्या म्हणाल्या. “वेग धरला की सुरू. हळू केली की गप्प.”

“कधीपासून?”

“हे गेल्यापासून. आधी वाटलं, माझ्याच कानात आहे.”

माझ्या मुलाने यंत्र लावून पाहिलं. यंत्र काही बोलेना. गाडीखाली वाकून त्याने सांगितलं, गिअरबॉक्स गेला असणार, आणि तो बदलायचा तर तेवढ्या पैशात दुसरी जुनी गाडी येईल. तो चूक बोलत नव्हता. अशा गाड्यांचं बहुधा तेच होतं. वहिनींनी भंगारवाल्याला उद्या सकाळी गॅरेजवरच बोलावलं होतं.

“तोवर सापडलं तर ठेवते,” त्या म्हणाल्या. “नाहीतर जाऊ दे. त्यांची म्हणून ठेवायची, आणि रोज तिचं कण्हणं ऐकायचं... नाही जमत मला.”

त्या गेल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, मी येतो बरोबर. तुमचा डावा कान...”

“माझ्या कानाचं मी बघतो. तू तुझं यंत्र पूस.”

“कान दाखवून या म्हटलं की तुम्ही डोळे दाखवता,” तो म्हणाला आणि घरी गेला.

खरं तर अशा कामाला दोन माणसं लागतात. एक गाडी चालवतो. दुसरा मागच्या सीटपुढे, पायांच्या जागेत आडवा होतो. लांब स्क्रूड्रायव्हर तळाच्या पत्र्याला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला. चालवणाऱ्याने विचारायचं, पण मागे बघायचं नाही. मागच्याने सीटच्या पाठीवर बोट वाजवायचं. एकदा, म्हणजे आवाज पुढून. दोनदा, म्हणजे मागून. तळहात फिरवला, म्हणजे सापडला. दुरुस्ती झाली की जागा बदलायच्या, कारण ज्या कानाने दुखणं ऐकलं त्याला ते नंतरही ऐकू येत राहतं. खात्री दुसऱ्या कानाने करायची. गाडी बरी असली की हात सीटच्या पाठीवर सपाट टेकवायचा.

हे सगळे भागीदाराचे नियम. आमच्या शेवटच्या गाडीचा आवाज त्यानेच शोधला. दुरुस्ती झाली. ऐकण्याची पाळी माझी होती. तो म्हणाला, जरा टेकतो, मग निघू. खुर्चीवर टेकला तो उठला नाही.

दिवस कलल्यावर मी एकटाच कालव्याच्या रस्त्याला लागलो. वहिनी बुटक्या, मीही बुटका. सीट हलवावी लागली नाही. काचेबाहेर सगळं पांढरं. कालवा दिसत नव्हता, नुसता कुजल्या पाण्याचा वास येत होता. वेग धरला आणि आवाज सुरू झाला. माणूस दुखणं दाबून कण्हतो तसा.

दांडी न्यूट्रलला टाकली. इंजिन मंदावलं, गाडी आपल्या ओघात चालली. कण्हणं तसंच. म्हणजे इंजिन नाही. आता एवढंच ठरवायचं होतं की दुखणं गिअरबॉक्समध्ये आहे की त्याच्यापासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टमध्ये. आणि तिथेच माझं घोडं अडलं. एका कानाला आवाज ऐकू येतो, तो कुठून येतो ते कळत नाही. हे मी मुलाला कधी सांगितलं नव्हतं.

“पुढे की मागे?”

सवयीने तोंडून गेलं. गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

सीटमधून पाठीला बोट लागलं. एकदा. थोडं थांबून, पुन्हा.

हात स्टिअरिंगवर होते ते तिथेच राहिले. गाडीत लवंगेचा वास आला. भागीदाराने विडी सोडली तेव्हापासून तो दाढेत लवंग धरायचा.

“मागे...?” मी विचारलं. “किती... मागे?”

कण्हणं तेवढं वाढत गेलं. मग सीटच्या पाठीवरून एक तळहात सावकाश फिरला. खांद्यापासून कमरेपर्यंत.

गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग मागे पाहिलं, आधी नाही.

कोणी नव्हतं. खालची चटई मात्र मधल्या उंचवट्यावरून बाजूला केलेली, घडी घालून. भागीदार घालायचा तशी.

बॅटरी घेऊन गाडीखाली सरकलो. उघड्या पडलेल्या त्या उंचवट्याच्या बरोबर खाली शाफ्टला धरून ठेवणारं मधलं बेअरिंग होतं. रबर फाटून लोंबत होतं, आतलं ग्रीस सुकून काळं पडलेलं. गिअरबॉक्सला धक्का लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गॅरेज उघडलं. गाडी खड्ड्यावर घेतली. एका मोडीत काढलेल्या गाडीचं चांगलं बेअरिंग फळीवर होतं, ते बसवलं. हात धुतले. आता खात्री उरली होती. मुलाला हाक मारता आली असती. मारली नाही.

मागचं दार उघडलं आणि थांबलो. चालवणाऱ्याची सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेली होती. भागीदार उंच होता.

उरलेल्या फटीत अंग चोरून आडवा झालो. दार ओढून घेतलं. स्क्रूड्रायव्हर पत्र्याला, मूठ चांगल्या कानामागे.

“चल,” मी म्हणालो.

नळ ठिबकत होता. मग पुढची सीट करकरली आणि माझ्या गुडघ्यांवर दाबली गेली. किल्ली फिरली. दांडी खटखट करत खाली आली. वरच्या काचेतून गॅरेजचा पत्रा सरकत गेला, आणि मग नुसतं पांढरं.

मी ऐकलं. नियम होता, म्हणून नीट ऐकलं. शाफ्ट पाण्यासारखा फिरत होता. कण्हणं नाही, खरखर नाही. लवंग चावल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता, पण तो मुठीतून येत नव्हता.

मी सीटच्या पाठीवर हात सपाट टेकवला. कापड ओलं, गार होतं. हात काढणार, तोच पलीकडून कोणीतरी त्याच्यावर रेललं. दिवसभराच्या कामानंतर माणूस भिंतीला रेलतो, तसं. मी हात तसाच ठेवला. गाडी परत पत्र्याखाली येईपर्यंत.

वहिनी आल्या, त्यांना सापडल्याचं सांगितलं. भंगारवाला आला, त्याला त्यांनी रिकामा परत पाठवला. मग त्या गाडीत बसल्या. पाय पेडलपर्यंत पोहोचेनात. त्यांनी खाली हात घालून सीट पुढे ओढली, फार हळू ओढली, आणि तशाच बसून राहिल्या. काच खाली होती.

“भाऊजी, खात्री केलीत?”

“केली.”

“मुलगा तर आत्ता येतोय.” त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “चालवली कोणी?”

मी हात पुसत होतो.

“माझी ऐकण्याची पाळी राहिली होती, वहिनी,” मी म्हणालो. “ती फिटली.”