एक सीट रिकामी आहे

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस आहे. भुताखेतांच्या गप्पा मारून माझ्या पदरात काही पडायचं नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

गेल्या फेब्रुवारीतला शनिवार. जागा न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाचा मॅकव्ही बीच.

रात्र नव्हती... लख्ख दुपार होती. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

आमचा ग्लेनारा फ्लाइंग क्लब छोटासा. बहुतेक शेतकरी, दोन शिक्षिका, एक खाटीक. दर उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे फेब्रुवारीच्या सुमारास, आम्ही विमानं घेऊन मॅकव्हीला सहलीला जातो. तिथे धावपट्टी नाही. ओहोटीला वाळू रस्त्यासारखी टणक होते, तिच्यावरच उतरायचं. सॉसेज भाजायचे, मासे धरायचे, आणि भरती यायच्या आत निघायचं. भरतीचं पाणी थेट कड्याला लागतं. कड्यावर शिकाऱ्यांची एक झोपडी आहे, पण तिथे जाणारी वाट बकऱ्यांनाच जमेल अशी.

क्लबची एक जुनी रीत आहे. ज्याचं लँडिंग सगळ्यात वाईट, त्याला एक फाटका गमबूट बक्षीस. गमबूटवाल्याने सगळा पसारा आवरायचा आणि सर्वांत शेवटी निघायचं. निघण्याआधी मोठ्याने हाक मारायची, "कोणी राहिलंय का?"

बाकी सगळी थट्टा, पण ही हाक थट्टा नाही. फार वर्षांपूर्वी आयव्हर नावाचा एक जण तिथेच राहिला होता. प्रत्येकाला वाटलं, तो दुसऱ्याच्या विमानात बसला. शोधायला गेले तेव्हा कड्याखालच्या कोरड्या वाळूत त्याची पावलं दिसली. विमानांच्या दिशेने धावत गेलेली. पुढे पाणी होतं. तो काही सापडला नाही.

त्या शनिवारी गमबूट माझ्या गळ्यात पडला.

माझ्यासोबत होती माझी बायको हुया, सहावा महिना लागलेली. आणि तिचे काका रूबेन. सगळा क्लब त्यांना अंकलच म्हणतो. आयव्हर त्यांचा जिवाभावाचा दोस्त होता.

बाकीची विमानं एकेक करून उडाली. टेकड्यांपलीकडे गेली. रेडिओवरची टिंगल बारीक होत गेली... मग बंद झाली.

मी हाक मारली. "कोणी राहिलंय का?"

उत्तर कोण देणार?

हुयाला चेष्टेची भारी हौस. पोटावर हात ठेवून तीही ओरडली, "एक सीट रिकामी आहे! येतोस तर ये, लवकर ये!"

अंकल तिच्यावर खेकसले. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि तेवढ्यात... पक्षी गप्प झाले. दिवसभर त्यांनी कलकलाट करून डोकं उठवलं होतं. आता एकही आवाज नाही. नुसती लाट.

आम्ही विमानात बसलो. पुढे मी आणि हुया. मागे उजवीकडे अंकल. त्यांच्या शेजारची डावी सीट रिकामी.

मी पट्टा लावला. हुयाने लावला. अंकलनी लावला.

मग अजून एक... खट्.

मी वळून पाहिलं नाही. अंकलचाच नीट बसला नसेल, म्हटलं.

इंजिन पूर्ण ताकदीने सोडलं. विमान पळायला लागलं, पण उठेना. सारखं डावीकडे ओढत होतं. समोर खडक दिसायला लागले तेव्हा ब्रेक दाबून थांबवलं.

चार माणसांचं विमान आहे ते. तिघांनी जड व्हायचं कारणच नव्हतं.

उतरून खुणा पाहिल्या. उजव्या चाकाची खूण जेमतेम उमटलेली. डाव्या चाकाची... चार बोटं खोल. डावीकडे मी बसतो, मान्य. पण मी काही एवढा जाडा नाही.

मासळीचा डबा फेकला. शेगडी फेकली. दोर, चटया, तो मेला गमबूटसुद्धा फेकला. विमान वळवून पुन्हा पळवलं.

पुन्हा तेच.

समुद्रावरून धुकं सरकत येत होतं. पाणीही वर चढत होतं. आणि हुयाने माझा दंड धरला.

"लॅकी, पोटात कळ येतेय."

फोनला रेंज नाही. रेडिओवर जीव तोडून हाका मारल्या, नुसती खरखर. आमच्याकडे संकटाचा सिग्नल देणारं यंत्र होतं, त्याचं बटण दाबलं. पण अशा धुक्यात हेलिकॉप्टर कधी येणार? आणि त्या वाटेने हुयाला वर चढवायचं कसं? मागे कडा, पुढे पाणी. पुरते अडकलो होतो.

मी मागे वळलो.

अंकल शेजारच्या सीटकडे बघत होते.

तिचा पट्टा लावलेला होता. सैल नव्हता... ताणलेला होता. कुणाच्या तरी छातीवरून यावा तसा. आत मात्र काहीच नव्हतं.

"आयव्हर," अंकल हळूच म्हणाले, "पोरगी गरोदर आहे रे. उतर ना बाबा."

आम्ही वाट पाहिली.

पट्टा... जरा अजून आवळला.

अंकलचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःचा पट्टा सोडला आणि दार उघडलं.

"आपण त्याला एकदा मागे टाकलंय, लॅकी. आता तो नाही उतरायचा. मी उतरतो."

मी नाही म्हणालो. तुम्हाला टाकून जाणार नाही म्हणालो. त्यांनी माझ्या हातातून ते सिग्नलचं यंत्र काढून घेतलं. झोपडीत थांबेन, शिकाऱ्यांची चूल आहे, माझी काळजी करू नको म्हणाले. मग जाता जाता खांद्यावर हात ठेवला.

"फक्त एक कर. मी इथे राहिलोय, हे विसरू नको."

तिसऱ्यांदा पळवलं तेव्हा चाकांखाली पाणी उडत होतं. दोघांना घेऊन ते विमान पाखरासारखं उठायला हवं. नाही उठलं. खडक अगदी समोर आले आणि कसंबसं घसटत वर गेलं. जीव मुठीत धरून मी ते वर चढवलं.

टेकड्या ओलांडताच मी रेडिओवर अंकलचं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. सांगतच राहिलो.

आणि मागून... श्वास ऐकू येत होता. खूप लांबून धावत आलेल्या माणसाचा. हुयाने ऐकला, मीही ऐकला.

उतरल्यावर मागचं दार उघडलं. पट्टा सुटून लोंबत होता. म्हटलं, सुटलो एकदाचे. गेला बिचारा.

हुयाला गाडीत घातलं आणि हॉस्पिटलकडे निघालो. फाटकाबाहेर येतोय तोच...

टिंग. टिंग. टिंग.

मागे बसलेल्याने पट्टा लावला नाही, की गाडीत वाजते ती घंटी. दिवा मागच्या डाव्या सीटचा. तिथे पिशवीसुद्धा नव्हती.

हुयाने मागे हात घालून तो पट्टा लावला. घंटी थांबली.

बाळ वाचलं. अंकलना दुसऱ्या दिवशी धुकं विरल्यावर हेलिकॉप्टरने आणलं. ते थेट हॉस्पिटलात आले. स्मशानातून आल्यावर त्यांच्या माओरी लोकांत पाणी शिंपडतात, तसं आमच्या दोघांच्या अंगावर शिंपडलं. मग एवढंच विचारलं, "तो उतरला का?"

मी गाडीबद्दल सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत बसले.

मेमध्ये मुलगी झाली. मी विमान विकलं. गाडीही बदलली, म्हटलं घंटीतच बिघाड असेल. नव्या गाडीतही तेच. म्हणून आम्ही मागच्या डाव्या सीटचा पट्टा कायम लावून ठेवतो. रिकाम्या सीटला. पाहुणे हसतात. हसू देत.

पोरीची खुर्ची मागे उजवीकडे असते.

काल सकाळी हुया घरी झोपली होती. मी पोरीला घेऊन दूध आणायला निघालो. डावा पट्टा लावलेला होता, निघताना मी स्वतः पाहिलं होतं.

टिंग. टिंग.

दिवा डाव्या सीटचा नव्हता.

मधल्या सीटचा होता... पोरीच्या अगदी शेजारच्या.

गाडी बाजूला घेतली. मधला पट्टा ओढला, लावला, आणि घंटी बंद झाली. हुयाला अजून सांगितलेलं नाही.

त्याला उतर म्हणायची माझी हिंमत होत नाही.