गोणीतला कमी पडणारा किलो

वजनखोलीच्या दारात आमची टक्कर झाली. त्याच्या खांद्यावरची गोणी निसटली आणि चेपलेल्या बाटल्या माझ्या पायांशी पसरल्या. "सॉरी," म्हणत तो हसला. इतकं गोड हसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं माझं ठाम मत आहे.

तो कचरा विभागात नवा होता, सगळे त्याला गोणीवाला म्हणत. मी उत्प्रेरक बनवते, म्हणजे जुन्या प्लॅस्टिकचा पुन्हा कच्चा माल करून देणारी चिमूटभर पूड. तीच पूड पाच वेळा चालली तरच माझा प्रकल्प राहणार होता. महिनाभर ती दुसऱ्या फेरीतच मान टाकत होती. तो आला, आणि पाचही फेऱ्या सुरळीत पार पडल्या. आई फोनवर म्हणाली, कुणाचा तरी पायगुण असेल गं. मला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं.

कारण चिठ्ठीवर दहा किलो लिहिलेली गोणी माझ्या काट्यावर नऊच भरायची. हा माझा माल चोरून कुणाला देतोय? आणि तरीही रोज त्याच्या पावलांकडे माझे कान लागायचे... याचाच जास्त राग यायचा.

शुक्रवारी मला साहेबांपुढे निकाल मांडायचा होता. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी वजनखोलीतल्या कपाटामागे दबा धरून बसले. तो आला, गोणी ओतली आणि एकेक तुकडा उजेडात धरून त्यातलं पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं प्लॅस्टिक, बाजूला काढू लागला. पीव्हीसी तापलं की आम्ल सुटतं, आणि ते उत्प्रेरकाला मारतं.

"हे काय चाललंय?" मी पुढे आले.

तो दचकला. "यानेच तुमची पूड मरत होती."

"म्हणजे माझ्या पाचही फेऱ्या खोट्या."

"तेवढा विचार नाही केला... पाचवी फेरी झाली की तुम्ही हसता, म्हणून..."

मला रडूच आलं. रागाचं होतं की कसलं, कळेना.

शुक्रवारी साहेबांना खरं ते सांगितलं: न निवडलेल्या कचऱ्यात माझी पूड दोनच फेऱ्या टिकते. चूक माझी, असं तो न बोलावता येऊन म्हणाला. साहेबांनी तीन महिने दिले. पीव्हीसीतही टिकेल अशी पूड बनवा, नाहीतर प्रकल्प बंद.

सोमवारी तो गोणी घेऊन आला. काटा बरोबर दहावर थांबला.

"आता तरी पटलं?" त्याने विचारलं.

"तू मला आवडतोस," मी म्हटलं, "पण तुझ्या गोणीवर माझा विश्वास नाही. पुन्हा ठेव."

त्याने ठेवली. या वेळी मी 'पुन्हा ठेव' म्हटलं नाही.