टवका

माणसाचा सगळा इतिहास म्हणजे मुळात स्थलांतराचा इतिहास. गुहेतून बाहेर पडलेल्या पहिल्या माणसापासून आजपर्यंत, नव्या भूमीवर पहिलं पाऊल टाकण्याचा क्षण थोर मानला गेला आहे. त्या क्षणी माणूस मागच्या पिढ्यांचा वारसा आणि पुढच्या पिढ्यांची स्वप्नं एकदमच खांद्यावर घेऊन चालत असतो. आमच्या कवळीवाल्याने ते पाऊल जंतुनाशकात भिजवलेल्या पायपुसण्यावर टाकलं, तो घसरला, आणि नव्या भूमीला त्याचं जे पहिलं टेकलं ते पाऊल नव्हतं.

साथीचे दिवस होते. त्याला उठवायला कोणी पुढे आलं नाही. सगळे नेमून दिलेल्या अंतरावरून हळहळले.

काचेमागच्या अधिकाऱ्याने त्याला मास्क खाली घ्यायला सांगितलं. त्यात वावगं काही नव्हतं. पासपोर्टावरचा फोटो आणि माणूस जुळवून बघायचा असतो. पण अधिकाऱ्याने फोटोकडे बघितलंच नाही. भाजीवालीसमोर उभी राहिलेली गृहिणी वांगं निरखते तसा तो कवळीवाल्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"असू दे," तो शेवटी म्हणाला. "होईल."

"काय होईल, साहेब?"

"पुढचे या."

आता हा कवळीवाला कोण, ते सांगायला हवं. दंतवैद्य रोग्याच्या तोंडात मऊ रबरासारखा लगदा भरून जबड्याचा ठसा घेतात. तो ठसा प्रयोगशाळेत येतो, तिथे त्यात प्लास्टर ओतून जबड्याची हुबेहूब नक्कल तयार करतात, आणि त्या नकलेवर नवा दात, दातावरची टोपी नाहीतर कवळी बेतून बसवतात. हे काम करणारा माणूस रोग्याला कधीच भेटत नाही. आयुष्यभर हजारो लोकांच्या तोंडात वावरून त्याला एकाचाही स्वभाव माहीत नसतो, आणि म्हणून तो सुखी असतो. गल्लीत त्याला सगळे कवळीवालाच म्हणत. चेहरे त्याच्या ध्यानात राहत नसत; दात राहत. सासूबाई बोलू लागल्या की तो इतक्या एकाग्रतेने त्यांच्या तोंडाकडे बघायचा, की त्यांना जावई फार गुणाचा वाटे. बायकोला पहिल्यांदा भेटला तेव्हा तिचा वरचा डावा सुळा जरासा बाहेर डोकावत होता. त्या सुळ्यावर तो भाळला. उरलेली बायको त्याला लग्नानंतर हळूहळू दिसली.

असा माणूस, आणि सगळा देश तोंडावर फडकी बांधून बसलेला. आंधळ्यासारखी गत झाली त्याची. विलगीकरणाच्या काळात घरमालकीणबाई दाराबाहेर जेवणाचं ताट ठेवायच्या, टकटक करून मागे सरायच्या. दारातून फक्त डोळे दिसायचे. डोळ्यांवरून माणूस ओळखायचा तरी कसा?

विलगीकरण संपलं आणि तो कामावर रुजू झाला. प्रयोगशाळा एका गोदामाच्या मागच्या अंगाला होती: लांबट खोली, उंचावर खिडक्या, टेबलांवर प्लास्टरची पांढरी भुकटी, कोपऱ्यात सतत गुरगुरणारं पॉलिशचं यंत्र. मालक काचेच्या केबिनमध्ये बसायचे. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होता, आपल्याकडचाच, फार आधी येऊन इथे मुरलेला. कोणी न नेमता सगळ्यांवर देखरेख करायचा, म्हणून कवळीवाल्याने मनातल्या मनात त्याला मुकादम करून टाकलं.

"हात चांगला आहे रे तुझा," मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला. "फक्त डोकं जास्त चालवू नकोस. इथे हातावर भागतं."

कवळीवाल्याने पहिला ठसा भरला. प्लास्टर सुकल्यावर ठसा सोडवला. खालचा जबडा, डावीकडची एक दाढ पडलेली. समोरच्या पटाशीच्या दातांपैकी उजव्या दाताच्या कडेला मधोमध एक टवका उडालेला, नखाच्या टोकाएवढा. छान मोकळेढाकळे दात होते. त्याने दाढ बसवली आणि काम पुढे सरकवलं.

दुसरा जबडाही खालचाच. उजवीकडची दाढ पडलेली. पटाशीच्या उजव्या दाताला मधोमध टवका.

तो जरा थबकला. योगायोग असतात. तिसऱ्या जबड्यातही टवका निघाला तेव्हा त्याला हसू आलं: नवीन माणसाची परीक्षा घेताहेत तर! एकाच रोग्याचा ठसा पुन्हा पुन्हा देऊन बघताहेत की हा ओळखतो का. तो मिश्कीलपणे मुकादमाकडे वळला.

"ओळखलं बरं का मी. एकच माणूस आहे हा."

मुकादमाने चष्म्यावरून बघितलं. "कोण?"

"हा. आणि हा. आणि तो."

"दात आहेत, दातांसारखेच असणार. जेवायची सुट्टी झाली, चल."

पण जेवताना कवळीवाल्याचा हिशेब जुळेना. पहिल्याला डावी दाढ नव्हती. दुसऱ्याला ती होती, शाबूत, नीट वापरलेली. पडलेली दाढ परत उगवत नाही. मग एकच माणूस कसा? बरं, वेगवेगळी माणसं म्हणावीत, तर टवक्याची धारसुद्धा सारखी. दोन भावांचे दात असे जुळत नाहीत. बाप-लेकाचे जुळत नाहीत. कवळीवाल्याला स्वतःच्या बापाकडून खालचे दात एकावर एक चढलेले मिळाले होते, सिनेमाच्या खिडकीशी धक्काबुक्की चालल्यासारखे. पण बापाचा धक्का डावीकडून होता आणि याचा उजवीकडून.

त्या दिवसापासून त्याचा सगळ्यांवरचा विश्वास उडाला. मालकांनी खाकरलं तरी त्याला त्यात खूण दिसे. मुकादम पाणी प्यायला मास्क खाली करायचा तो कायम भिंतीकडे तोंड करून. शिष्टाचार म्हणायचा की लपवाछपवी? बसमध्ये मास्कच्या आत कोणी हसलं की याला वाटे, आपल्यालाच हसलं.

एका सकाळी स्वयंपाकघरात घरमालकीणबाईंची बशी राहिली होती. लोणी लावलेला पाव, अर्धा खाल्लेला. त्याने मागेपुढे बघून तो उचलला आणि खिडकीपाशी नेला. लोण्यात दात अगदी स्वच्छ उमटले होते. चाव्याच्या खालच्या ओळीत, जिथे एका दाताने पाव नीट कापायला हवा होता, तिथे मधोमध पावाचा एक बारीक उंचवटा उरला होता. टवक्याएवढा.

"भूक लागली असेल तर नवा देते की," मागून आवाज आला. दारात बाई उभ्या होत्या, मास्क लावून. "माझा उष्टा कशाला?"

"नाही, मी... नुसता बघत होतो."

"बघा." त्या तिथेच थांबल्या. "सुरुवातीला सगळेच बघतात."

संध्याकाळी त्याने बायकोला फोन लावला. व्हिडिओत बायको होती, तिच्या मांडीवर लेक होती, दोघींच्या मागे बांधून ठेवलेल्या बॅगा होत्या. सरहद्दी पुन्हा बंद होणार अशी बोलवा होती. आत्ता आल्या नाहीत तर पुढे कधी येता येईल याचा भरवसा नव्हता. लेकीला आठवणीतला बाप पुरेनासा झाला होता. आणि कवळीवाला म्हणाला,

"तुम्ही यायचं जरा पुढे ढकला."

"का?"

"इथली माणसं मला ठीक वाटत नाहीत."

"माणसं की बाई?"

"अगं, दात! सगळ्यांचे दात सारखे आहेत इथे."

"सगळे तर मास्क लावतात म्हणाला होतात. मग तुम्ही किती जणींचे दात बघितलेत?"

"घरमालकीणबाईंनी पाव खाल्ला होता, त्यावरून..."

"सकाळी सकाळी? तिच्या स्वयंपाकघरात?" बायकोने लेकीला मांडीवरून खाली उतरवलं. "आता तर मी येणारच."

तो मालकांकडे गेला. कुटुंबाचं येणं लांबवता येईल का, असं चाचरत विचारलं. मालकांनी खुर्ची मागे रेलवली.

"काम जमत नाहीये का?"

"काम जमतंय, साहेब. पण ते ठसे..."

"कुटुंबाची हमी मी घेतली आहे. माघार घेतली तर ती तुमच्यासकट घ्यावी लागेल." मग आवाज मवाळ झाला. "येऊ द्या त्यांना. लहान मूल आहे ना? लहानांना फार सोपं जातं."

काय सोपं जातं, ते न विचारताच तो टेबलाकडे परतला.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तेव्हा त्याने एक गोष्ट केली. थोडा लगदा कालवला, साच्यात भरला आणि स्वतःच्याच खालच्या जबड्याचा ठसा घेतला. निदान एक तरी जबडा या टेबलावर असा हवा, ज्याची आपल्याला खात्री आहे. बापाची धक्काबुक्की डोळ्यांसमोर ठेवून कामाला लागू, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

प्लास्टर ओतलं. सुकेपर्यंत टेबलापासून हलला नाही. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. ठसा सोडवला.

दात सरळ होते. एकही पडलेला नाही. पटाशीच्या उजव्या दाताला मधोमध टवका.

त्याने जीभ फिरवली. फार हळू फिरवली.

"झालं?" मुकादम डबा पुसत परत आला होता. त्याने टेबलावरचा जबडा उचलला, प्रकाशात धरला, आणि पहिल्यांदाच त्याचे डोळे हसले. "बघ. मी म्हटलं नव्हतं? उगाच जीव काढत होतास."

दोघी आल्या. कवळीवाला त्यांना विमानतळाबाहेर घ्यायला गेला. बायको बॅगांची गाडी ढकलत येत होती, लेक गाडीवर बसली होती. त्याने बायकोला नुसतं बरं आहे का म्हणूनही विचारलं नाही.

"मास्क काढ."

"अहो, लोक आहेत."

"एकदाच. काढ."

तिने काढला. वरचा डावा सुळा जरासा बाहेर डोकावत होता. कवळीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको विरघळली, इतक्या वर्षांत नवरा असा कधी बघितला नव्हता. मग तिने हळूच त्याचा मास्क खाली ओढला, आणि तिचा चेहरा बदलला.

"दात कधी सरळ करून घेतलेत? आणि कोणासाठी?"

त्याने मास्क पुन्हा वर ओढला. तिने ते आपल्या परीने समजून घेतलं, आणि घरापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

लेकीचं मात्र तोंड बंद नव्हतं. विमानात तिचा दात पडला होता, पहिलाच, दुधाचा. सँडविचबरोबर पोटात गेला की काय म्हणून ती सगळ्या प्रवासभर रडली होती आणि शेवटी तो सीटच्या फटीत सापडला होता. जिन्यात घरमालकीणबाई भेटल्या तेव्हा तिने मास्क खाली करून त्यांनाही खिंडार दाखवलं. खालचं, पटाशीचं, उजवं.

"पडला?" बाई खाली वाकल्या. "छान झालं हो. आता इथला येईल."

त्या दिवसापासून कवळीवाला रोज लेकीच्या तोंडात बघू लागला. सकाळी बघायचा, कामावरून आल्यावर बघायचा. बायकोने सुरुवातीला चेष्टा केली, मग चिडली, मग तिनेही विचारायला सुरुवात केली, "दिसतंय का काही?" तिचा सुळा होता तिथेच होता. तेवढ्यावर त्याला झोप लागत होती.

बरेच दिवस हिरडी नुसती गुलाबी होती. मग एक दिवस टणक झाली. मग एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, लेक धावत आली.

"बाबा, आला! टोचतोय!"

त्याने हात धुतले. तिला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, उजेडाकडे तोंड करायला लावलं. बायको मागे उभी राहिली.

नव्या दाताच्या कडेला बारीक कंगोरे असतात. करवतीसारखे. प्रत्येक मुलाच्या असतात. वापरून वापरून ते पुढे झिजतात. कवळीवाल्याने हे इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याला बघायचीही गरज नव्हती. त्याने बोटाचं टोक हलकेच फिरवलं.

कंगोरे नव्हते.

कड सपाट होती, झिजलेली. मधोमध टवका होता, नखाच्या टोकाएवढा. टवक्याच्या धारा गुळगुळीत झाल्या होत्या, कितीतरी वर्षं कोणीतरी त्या दाताने पाव चावत आल्यासारख्या.

"काय हो?" बायको म्हणाली. "सरळ आहे ना?"

त्याने बोट तसंच ठेवलं. काढलं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

लेकीने बराच वेळ आ वासून वाट बघितली. मग कंटाळून, बोटाच्या बाजूने, बोबड्या शब्दांत ती म्हणाली,

"बाबा, बोट काढ ना. भूक लागलीय."