भीमाबाईच्या चुलीचा धूर

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं. पटवून द्यायला मी कोणाच्या पाया पडत नाही.

प्रेमलता माझी सख्खी धाकटी बहीण. नागपूरला नंदनवनात तिचं घर. जे झालं ते त्या घरात झालं, आणि त्यातलं शेवटचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पौष महिना. शनिवार. भर दुपार.

हो, दुपारच. भुतं अमावस्येच्या रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांना सासू नसावी.

पण आधी चुलीचं सांगते...

प्रेमलताच्या सासूबाई म्हणजे भीमाबाई. मागच्या खोलीत त्यांची लोखंडी चूल होती. गुडघ्याएवढी, पुढे दार, आणि मागून पत्र्याचं धुराडं भिंतीतून बाहेर निघून वर गेलेलं. घरात गॅस होता. पण भीमाबाईंची भाकर, आंघोळीचं पाणी आणि थंडीतली ऊब, सगळं त्या चुलीचं.

आणि त्यांची शिस्त! ओलं लाकूड चालायचं नाही. दोन लाकडं एकमेकांवर आपटून कान द्यायच्या. खणखणीत वाजलं तरच चुलीत. प्लास्टिकची पन्नी जाळायची नाही, राकेल शिंपडायचं नाही. राख थंड झाली तरी झाकणाच्या डब्यातच. खिडकी कधीच पूर्ण लावायची नाही, फटीत एक वीट ठेवलेली असायची.

पेटवण्याआधी कागदाचा जळता बोळा आत, धुराड्याच्या तोंडाशी धरायच्या. ज्वाळ वर ओढली गेली, तर चूल श्वास घेते. नाही गेली, तर काडी लावायची नाही.

आणि दर शनिवारी दिवेलागणीला फुंकणीनं धुराडं ठोकायच्या. काजळी खाली पडायची.

ठण्... ठण्... ठण्...

"चुलीचा गळा साफ ठेवला तं चूल आपला गळा धरत नाही वं, प्रेमलते," असं म्हणायच्या.

त्यांचा मुलगा मधुकरराव. प्रेमलताचा नवरा, आमच्या घरचा जावई. त्यानं वरचा मजला बांधला. पांढराशुभ्र रंग दिला. धुराड्याचं बाहेरचं तोंड नेमकं त्या रंगाच्या खाली. चार दिवसांत भिंतीवर काळे ओघळ आले. त्यात मिनलचं, त्यांच्या मुलीचं, लग्न ठरत होतं.

"आई, उद्या मिनलच्या सासरचे येऊन राहिले. उद्या चूल पेटवू नको."

"काहून गा? आईच्या धुराची लाज वाटते? याच धुरात वाढला तू."

"नवीन रंगाचा सत्यानाश झाला!"

"मंग रंग पुसून टाक. मी जित्ती आहो तवरिक ही चूल बंद होत नाही."

मधुकरराव अंगणात जाऊन भिंतीवरचे ओघळ पाहत उभा राहिला. गप्प बसणाऱ्या माणसाची मला आधीपासूनच भीती वाटते.

त्या रात्री प्रेमलताला झोपेत आवाज आला. अंगणात कोणी शिडी ओढत असल्यासारखा...

मांजर असेल. प्रेमलता कूस बदलून झोपली.

सकाळी भीमाबाई उठल्या नाहीत.

चुलीजवळच्या अंथरुणात पडून होत्या. गाल लालसर, जणू आत्ताच भाकरी थापून बसल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, झोपेत गेल्या. सगळ्यांनी माना हलवल्या.

पण खिडकी गच्च लावलेली होती.

आणि वीट बाहेर अंगणात पडली होती.

"ही वीट कशी पडली?" प्रेमलतानं नवऱ्याला विचारलं.

"मांजरीनं पाडली असंल."

तिनं वीट उचलली. परत फटीत ठेवली. विषय संपला.

संपला नव्हता.

तेरवी झाली. चूल थंड पडली. पहिल्या शनिवारी दिवेलागणीला प्रेमलता देवापाशी वात लावत होती, आणि मागच्या खोलीतून...

ठण्...

तिचा हात थांबला.

ठण्... ठण्...

ती धावत गेली. खोलीत कोणी नव्हतं. खिळ्याला अडकवलेली फुंकणी मात्र हलत होती. धुराड्याखाली ताजी काजळी पडलेली.

मग दर शनिवारी तेच. मधुकरराव त्या वेळेला टीव्हीचा आवाज वाढवायचा. एक दिवस म्हणाला, "ते चूल भंगारात दे."

"वर्षश्राद्धापर्यंत नाही," प्रेमलता म्हणाली. "आई सांगून गेल्या. 'माह्या नावाचं पान माह्याच चुलीवर शिजलं पाहिजे, ग्यासवरचं मी घेणार नाही.' एकदा पान वाढू द्या, मंग कोणालेही द्या."

तोवर मिनलचं लग्न होऊन ती सासरी गेली होती.

वर्षश्राद्धाला मी नरखेडहून सकाळच्या एसटीनं आले. प्रेमलतानं सासूसारखंच सगळं केलं. लाकडं वाजवून पाहिली. खिडकीच्या फटीत वीट सरकवली. जळता कागद आत धरला. ज्वाळ सुर्रकन वर ओढली गेली. मग बाभळीचं लाकूड पेटवलं. असा सुरेख जाळ, की धुराचा लवलेशही खोलीत नाही. वडे झाले, कढी झाली, खीर आटायला ठेवली.

मधुकरराव पान न्यायला आत आला.

आणि जाळ बसला...

चुलीच्या दारातून धूर बाहेर आला. इकडेतिकडे पसरला नाही. दोरीसारखा सरळ निघाला आणि त्याच्या तोंडावर गेला.

तो खोकला. डावीकडे सरकला.

धूर डावीकडे वळला.

मी चुलीच्या दुसऱ्या अंगाला बसले होते. माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही.

तो दाराबाहेर पळाला. धूर मुकाट्यानं चुलीत परत गेला. जाळ पुन्हा लखलखला.

"वारा... वारा आहे बाहेर," तो उंबऱ्यापलीकडून म्हणाला.

अंगणातल्या तुळशीचं पान हलत नव्हतं.

"वारा कायचा, मधुकरराव? आई ओळखून राहिली तुम्हाले," मी म्हटलं. मी मस्करी केली होती. देवाशपथ, मस्करीच.

तेवढ्यात कापड जळाल्याचा वास आला.

प्रेमलतानं फडकं हाताला गुंडाळून धुराड्याच्या वाकणावरचं, काजळी काढायचं झाकण उघडलं. आत बोळा होता. हिरव्या लुगड्याचा. भीमाबाईंचं जुनं लुगडं, ज्याचं त्यांनी पोतेरं केलं होतं. सासू गेली त्या दिवसापासून ते पोतेरं प्रेमलताला घरात कुठंच सापडलं नव्हतं.

खाली जाळ भडकलेला. आणि बोळा थंडगार. ओला. मीही हात लावून पाहिला.

उंबऱ्यात मधुकररावाचं तोंड भिंतीसारखं पांढरं झालं.

"हे... हे तं मी काढलं होतं. आई गेली त्या पहाटंच काढलं होतं."

त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

प्रेमलता सावकाश उठली. "काय काढलं होतं?"

"प्रेमा, पाहुणे येणार होते... सकाळी चूल पेटूच नये म्हणून रातीच शिडी लावून कोंबलं. मले वाटलं चुलीतला रातचा इस्तो विझला असंल."

"आणि खिडकी? वीट कोणी काढली?"

"धूर खिडकीतून बाहेर येईल, रंगावर..."

तो बोलता बोलता थांबला. मागे खीर खदखदत होती.

"इस्तो विझला होता," ती म्हणाली, "तं धूर कुठून येणार होता?"

त्यानं मान फिरवून जिन्याकडे पाहिलं.

"पानासमोर बसा. आईले सांगा काय केलं ते. आताच."

"मेलेल्या माणसाले काय सांगाचं?" तो ओरडला. "उद्याच्या उद्या भंगारात देतो हे अवदसा!"

धाडधाड जिना चढून वर गेला. दार आपटलं. कडी लावल्याचा आवाज आला.

आम्ही दोघींनी पान वाढलं. हात जोडले. खोलीत इतकी शांतता, की जाळाचाही आवाज येईना. मी चुलीकडे पाहिलं.

जाळ होता. धूर मात्र नव्हता. चुलीतून नाही, बाहेर धुराड्याच्या तोंडातूनही नाही.

मग तो कुठं जात होता?

ठण्...

आम्ही धुराड्याकडे पाहिलं. आवाज तिथून नव्हता.

ठण्... ठण्...

वरून येत होता. वरच्या खोलीतून धुराडं जात नाही. वर पत्र्याचा तुकडासुद्धा नाही.

मग खोकला ऐकू आला. एकदा. दोनदा. मग लाथा झाडल्यासारखं काही...

मग काहीच नाही.

शेजारच्या पोरांनी दार तोडलं. मधुकरराव पलंगावर पडला होता. गाल लालसर. नाकपुड्या काजळीनं भरलेल्या. खोलीत धुराचा वाससुद्धा नव्हता आणि त्या पांढऱ्या भिंतीवर एक डाग नव्हता.

खिडकी गच्च लावलेली.

मी ती उघडून खाली पाहिलं. अंगणात वीट पडली होती. सकाळी माझ्यासमोर प्रेमलतानं चुलीच्या खिडकीत ठेवलेली.

डॉक्टरांनी एकच विचारलं, "खोलीत शेगडी कुठं होती?"

"शेगडी नव्हती."

ते आमच्याकडे असं पाहत राहिले, जणू आम्ही ती पदराखाली लपवली होती.

मला वाटलं, झालं. म्हातारीनं आपला न्याय आपण केला. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. प्रेमलतानं चूल ठेवली. तेच नियम, तोच कागद, तीच वीट. महिनाभर धुराडं गप्प होतं.

परवा दिवेलागणीला तिचा फोन आला. शनिवार होता.

"ताई, चूल पेटवली होती. कागद धरला, ज्वाळ वर गेली. सगळं बराबर होतं."

"मंग?"

पलीकडून नुसता श्वास. आणि तिच्या मागे, बारीक...

ठण्... ठण्...

"ताई, आज धूर माह्याकडं वळला."

मी उठून माझ्या घरची खिडकी उघडली.

"मी तं त्या रात्री फक्त कूस बदलली होती वं, ताई..."